अब्रह्मण्यम्! बॉन्डचं पिस्तूल पळवलं

ऐकलंत का? जेम्स बॉन्डच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं हो! ब्लोफेल्डनं नाही, गोल्डफिंगरनं नाही, चक्क ॲमेझॉननं. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन बॉन्ड दिनाच्या मुहूर्तावर, प्राइम व्हिडिओवर जुन्या बॉन्डपटांची नवी पोस्टरं झळकली आणि बघतात तो काय, शस्त्रं गायब! ‘डॉ. नो’मधला शॉन कॉनरी नुसतीच हाताची घडी घालून उभा, जणू स्नेहसंमेलनाचा प्रमुख पाहुणा. ‘अ व्ह्यू टू अ किल’मध्ये रॉजर मूरचं पिस्तूल पुसायच्या नादात त्याचे हात असे काही लांबले की बिचारा आजानुबाहू झाला. ज्याला माणसं मारायचा सरकारी परवाना, त्याच्या हाती साधी सुरीसुद्धा नाही! चाहत्यांनी एवढा शिमगा केला की ती पोस्टरं गुपचूप उतरवली गेली आणि तिथे सिनेमातली दृश्यं आली.

आधीच मंडळी धसका घेऊन बसली होती. १९६२ पासून निर्मात्या ब्रॉकली घराण्यानं सांभाळलेला हा वारसा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बार्बरा ब्रॉकली आणि मायकेल विल्सन यांनी सर्जनाची सूत्रं ॲमेझॉन एमजीएमकडे सोपवली. घरोघरी पार्सलं पोचवणारे आता बॉन्डची पटकथा ठरवणार! घोर कलियुग, दुसरं काय?

पण थांबा, बॉन्ड बुडाल्याची हाकाटी काही आजची नाही. पहिला नाक मुरडणारा तर खुद्द बॉन्डचा जनक, लेखक इयान फ्लेमिंग. त्याला कॉनरी आधी पटलाच नव्हता. सिनेमा चालला तसा लेखकाचा रुसवाही निघाला आणि पुढच्या कादंबरीत त्यानं बॉन्डला स्कॉटिश बाप बहाल केला. १९९५ च्या ‘गोल्डनआय’मध्ये बॉन्डची साहेब झाली एक बाई, ज्युडी डेंच, आणि तिनं पहिल्याच भेटीत त्याची खरडपट्टी काढली. शिवाय बुडाखाली जर्मन बीएमडब्ल्यू! २०१२ च्या ‘स्कायफॉल’मध्ये तर मार्टिनीवाल्यानं हायनेकेन बिअर तोंडाला लावली. बाटली हो, बाटली!

सगळ्यात मोठा तमाशा २००५ चा. डॅनियल क्रेगची निवड जाहीर झाली आणि तो टेम्स नदीतून नौदलाच्या स्पीडबोटीनं पत्रकारांसमोर आला. सुटाबुटावर लाइफ जॅकेट चढवून! वर पिंगट केसांचा. बॉन्ड आणि पिंगट? बुडायला भितो? बहिष्काराची हाक देणारं संकेतस्थळच निघालं. वर्षभरानं ‘कॅसिनो रोयाल’ आला. त्यात बारवाला विचारतो, मार्टिनी हलवून देऊ की ढवळून? नवा बॉन्ड तडकतो: मला काय फरक पडतो! चाळीसेक वर्षांची परंपरा एका वाक्यात पाण्यात, आणि थेटरात टाळ्या. बहिष्कारवाले कुठे गेले ते विचारू नका. पुढच्या सिनेमाच्या रांगेत असतील.

२०२१ च्या ‘नो टाइम टु डाय’मध्ये ००७ हा क्रमांक लशाना लिंच या कृष्णवर्णीय अभिनेत्रीच्या पात्राला मिळाला. बातमी फुटल्यापासून तिला समाजमाध्यमांवर जे ऐकून घ्यावं लागलं, त्याला मात्र परंपरेचं प्रेम म्हणायची सोय नाही. तो निव्वळ विखार होता. शेवटी बॉन्डलाच मारलं, तेव्हा मंडळींनी सुतक पाळायचं तेवढं बाकी ठेवलं.

आणि हसू नका, आपणही या पंगतीत आहोत. २०१५ मध्ये ‘स्पेक्टर’ आला तेव्हा मुंबईत ठाण मांडलेल्या आपल्या सेन्सॉर बोर्डानं बॉन्डच्या चुंबनांची लांबी निम्म्यावर आणली. खलनायक मारायला परवानगी, नायिकेला जवळ घ्यायला घड्याळ! ‘संस्कारी बॉन्ड’ म्हणून देशभर खिल्ली उडाली. आपण मुका कापला, त्यांनी पिस्तूल पुसलं. दोन्हीकडे भीती एकच: कुणाच्या भावना दुखावल्या तर?

या सगळ्या कांगाव्यातून एक गोष्ट मात्र निघते. प्रेक्षक बदलाला शिव्या घालतो आणि पचवतोही, बदल पटकथेत मुरलेला असला की. पिंगट केस पचले, बाई साहेब पचली, बिअरसुद्धा पोटात गेली. पचत नाही ते कात्रीनं आणि खोडरबरानं केलेलं सोवळं. तेव्हा पुढचा बॉन्ड घडवायला निघालेल्या दिग्दर्शक डेनी विलनव्ह यांना एवढंच सांगणं: नवा बॉन्ड काळा आणा, गोरा आणा, टकला आणा, आम्ही बोंब मारणारच. तिकडे लक्ष देऊ नका. फक्त त्याच्या हातातलं पिस्तूल राहू द्या.