धावांकमीमांसा : आटपाडी संप्रदायाच्या विशेष संदर्भात

जुन्या चारचाकीच्या क्रयप्रसंगी ग्राहकाच्या मुखातून जो आद्य प्रश्न उद्भवतो, तो आटपाडी तालुक्यात आबालवृद्धांस ठाऊक आहे : "किती पळालीय?" उत्तरादाखल मीटरवर जी संख्या दाखवली जाते, तिला प्रस्तुत प्रबंधात 'धावांक' अशी संज्ञा दिली आहे. व्याख्या : विक्रेत्याने किल्ली फिरवताच प्रकट होणारी, क्रेत्याच्या ठायी श्रद्धा वा शंका उत्पन्न करणारी, स्वतः मात्र निर्विकार राहणारी संख्या म्हणजे धावांक.

या शास्त्राचे पाश्चात्त्य मूळ इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सापडते. रोमन स्थापत्यविशारद विट्रुव्हियस याने वर्णिलेल्या रथात चाकाची ४०० आवर्तने पूर्ण होताच एक खडा कांस्यपात्रात पडे व एक मैल मोजला जाई. सायंकाळी पात्रातील मूठभर खडे हलकेच काढून ठेवल्यास रथ तरुण होतो काय, या उपप्रश्नापासून धावांकमीमांसेचा खरा आरंभ होतो.

माणदेशातील पूर्वपीठिका मात्र स्वतंत्र व अधिक प्रगल्भ आहे. खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिलार खोंडाचे वय धन्याच्या सांगण्यावरून कोणी मानीत नाही. जबडा उघडून आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला अशी अवस्था निश्चित करतात. शिंगे साळता येतात, रंगवताही येतात. दातांस तसे करणे दुष्कर. हेच तत्त्व मोटारीस लावून आटपाडी संप्रदायाने आपले महावाक्य सिद्ध केले : धावांक हे शिंग होय, क्लच-पेडलचे रबर हा दात होय.

धावांकाचे प्रमुख प्रकार तीन.

प्रथम, अल्पधावांक. याचे तीन पोटभेद मानतात. 'यथार्थ अल्प' ग्रंथांत आढळतो. 'पातित अल्प' म्हणजे लॅपटॉप जोडून मीटर मागे घेतलेली गाडी. हिचे सर्व्हिसचे जुने बिल कधीही सापडत नाही. 'स्थाणु अल्प' हा सर्वांत करुण. गाडी पत्र्याच्या शेडखाली वर्षानुवर्षे उभी राहते, धावांक वाढत नाही. पण बॅटरी बसते, रबरी नळ्या कडक होतात, टायरांना भेगा पडतात. टायरच्या कडेवर चार अंक असतात : पहिले दोन निर्मितीचा आठवडा, उरलेले दोन वर्ष सांगतात. मीटर मौन पाळते तेथे टायर साक्ष देतो.

द्वितीय, दीर्घधावांक. यावरील वाद या शास्त्राचा गाभा आहे. खानापूर-आटपाडी पट्ट्यातील गलाई बांधव सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर विखुरले असून यात्रेस वा दिवाळीस स्वतःच्या गाडीने गावी येतात. कोईमतूरहून आलेल्या अशा गाडीचा धावांक सव्वा लाख असतो. 'परिमाणवादी' तो पाहून पाठ फिरवतात. 'गुणवादी' म्हणतात, हे किलोमीटर महामार्गावरचे, पाचव्या गिअरमधले, क्लचला क्वचितच पाय लागलेले; याउलट डाळिंबाची क्रेट भरून बागेच्या वाटेने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत काढलेले पन्नास हजार अधिक जड होत. प्रस्तुत लेखक गुणवादी आहे, आणि परिमाणवाद्यांची मते त्यास विचारार्हही वाटत नाहीत.

तृतीय, चक्रनेमीय धावांक. अँबॅसडर-पद्मिनीच्या काळातील पाच अंकी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येई. अशा गाडीबाबत "किती पळालीय?" हा प्रश्न अपुरा असून "कितव्या जन्मात?" असे पुरवणीने विचारावे.

आता प्रमाणविचार. शब्दप्रमाण सर्वांत दुर्बल : "एकच हात आहे, डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना." अनुमान बलवत्तर. आठ वर्षे वयाच्या गाडीचा धावांक २८,००० असल्यास रोजी दहा किलोमीटरही पडत नाहीत; मग दवाखाना घराच्या माडीवर होता काय, असे विनयाने विचारता येते. सर्वश्रेष्ठ ते प्रत्यक्ष. चालकाच्या आसनाची दरवाजाकडील कड दबली आहे काय, स्टिअरिंग गुळगुळीत होऊन चकाकते काय, पेडलच्या रबरावरील रेघा पुसल्या आहेत काय, हे हात फिरवून, आणि रबराच्या बाबतीत वाकून, पाहावे.

एक कूटप्रश्न उरतो. धावांक २२,०००, रंग चकचकीत, आणि पेडलचे रबर नवे कोरे. परिमाणवादी येथे संतोष पावतात. आटपाडी संप्रदाय म्हणतो, दात बदललेला खोंड पाहिला नाही, पण बदललेले रबर कोणी विनाकारण बसवत नाही. अशा प्रसंगी क्रेता काही बोलत नाही. खाली वाकून रबर अंगठ्याने दाबतो, उठून हात झटकतो आणि सांगितलेल्या किमतीतून वीस हजार वजा करून बोलणीस प्रारंभ करतो.