कोणतीही हमी नाही

दिवाळीचा चिवडा तळाशी गेला की आमच्या मावसभावाच्या कपाळावर आठी उमटते. पीएचपीची नवी आवृत्ती जवळ आलेली असते. ८.० आली ती २६ नोव्हेंबर २०२० ला, ८.४ आली २१ नोव्हेंबर २०२४ ला. दरवर्षी हाच हंगाम, आणि दरवर्षी हाच प्रश्न: भाऊचं एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीवर चालणार का?

भाऊ दिवसा हिंजवडीत पगारी काम करतो आणि रात्री कर्वेनगरला, गॅलरीला काचा लावून केलेल्या खोलीत, बिनपगारी. पीएचपी ही रासमुस लेरडॉर्फने १९९५ मध्ये जगापुढे ठेवलेली भाषा. तिच्यावर अजून ढीगभर वेबसाइटी चालतात. तिला मुळात जे येत नाही ते सी भाषेत लिहून जोडायचं, म्हणजे एक्स्टेन्शन. ते पेकल नावाच्या कोठारात ठेवलं की कुणीही उचलावं. याची लागण त्याला सप्टेंबर २००८ मध्ये मॉडेल कॉलनीत, सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत भरलेल्या पीएचपीकॅम्पला झाली. त्या काळातला एक टी-शर्ट तो अजून घालतो. वहिनींनी त्याचं फडकं करायचं म्हटलं तर म्हणाला, "आधी एक वर्ष सूचना द्यावी लागते."

हा त्याचा घरगुती कायदा आहे. पीएचपीत एखादी जुनी गोष्ट काढायची असेल तर आधी 'डेप्रिकेटेड' म्हणून इशारा देतात आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत ती जाते. भाऊच्या हॉलमधला सोफा दोन दिवाळ्या डेप्रिकेटेड आहे. पाहुणा बसायला लागला की भाऊ इशारा देतो, पाहुणा बसतोच.

बोलण्यातही तेच. मावशीने गुडघा दुखतो म्हणावं, तर हा विचारणार, "नेहमी, की फक्त जिना चढताना? उतरताना? दुसऱ्या जिन्यावर करून पाहिलंस?" मावशी म्हणते, डॉक्टर एवढं विचारत नाही. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याकडे दिला, तर सोसायटीच्या ग्रुपवर असा आला: "जोडलं: एक समई. दुरुस्त केलं: मागच्या वर्षीच्या बेरजेतली चूक. काढलं: पेढे (याने जुन्या सवयी मोडतील)." पेढ्यांवरून दोन दिवस भांडण झालं, पण बेरजेतली चूक खरी निघाली हेही सांगायला हवं.

रिलीज काढायची रात्र बघण्यासारखी असते. फोन उलटा. वहिनी चहा दारातच ठेवतात. चाचण्या चालतात, लिनक्सवर हिरवं येतं, मग विंडोज. तिथे थ्रेड-सेफ वेगळं, नॉन-थ्रेड-सेफ वेगळं. पॅकेज डॉट एक्सएमएल नावाच्या फाइलीत प्रत्येक फाइलीचं नाव आणि तिचं काम हाताने भरायचं, तळाशी बदलांची यादी, वर तारीख, आवृत्ती आणि अवस्था: अल्फा, बीटा की स्टेबल. या शेवटच्या रकान्याशी भाऊ पंधरा मिनिटं थबकतो आणि 'बीटा' लिहितो. "स्टेबल लिहिलं की लोक विश्वास ठेवतात रे."

मागे एकदा धीर करून स्टेबल लिहिलं, टॅग मारला आणि चुलतबहिणीच्या साखरपुड्याला आला. पॅकेज डॉट एक्सएमएलमधल्या फाइलींच्या यादीत एक हेडर फाइल टाकायची राहिली होती. त्याच्या लॅपटॉपवर ती होतीच, म्हणून तिथे सगळं झकास. जगात इतरत्र कुठेही कंपाइल होईना. एकदा बाहेर गेलेला आकडा परत वापरायचा नाही हा या पंथाचा धर्म, त्यामुळे मुलीला अंगठी घालत असताना हा कार्यालयाच्या पायरीवर बसून २.१.१ काढत होता. फोटोत तो कुठेच नाही.

गंमत अशी की त्याच्या लायसन्सवर ठळक इंग्रजी अक्षरांत छापलंय: जसं आहे तसं घ्या, कोणतीही हमी नाही. मी ते त्याला वाचूनही दाखवलंय. पण कुठल्याशा कंपनीतला अनोळखी माणूस "अर्जंट, आमची साइट बंद पडलीय" असं लिहितो, दमडी न देता, 'प्लीज'सुद्धा न म्हणता; आणि हमी न दिलेला हा गृहस्थ रात्री दोनला उठून बसतो. आधी मराठीत शिव्या देतो, मग इंग्रजीत आभार मानतो, मग दुरुस्ती करतो. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आली तेव्हा आतली मांडणीच बदलली आणि साऱ्या एक्स्टेन्शनवाल्यांचा घाम निघाला. भाऊने नाताळची सुट्टी त्यात घातली. "५ नंतर थेट ७ कसं?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "६ वर माणसांनी वर्षानुवर्षं काम केलं. ती निघालीच नाही." घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा केला होता.

'आता हे कुणाच्या तरी गळ्यात घालतो' असं तो गेली कित्येक वर्षं म्हणतोय. परवा खरंच कॉलेजातला एक मुलगा पॅच घेऊन आला. भाऊने चौदा शेरे मारले, त्यातला पहिला ओळीच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागेबद्दल. पोरगं पळेल असं आम्हाला वाटलं. ते चौदाही दुरुस्त करून परत आलं आणि पंधरावी चूक त्यानेच दाखवली, भाऊच्या कोडमधली. भाऊने त्याला कमिटचे हक्क दिले, जेवायला बोलावलं, डेप्रिकेटेड सोफ्यावर बसवलं. आता रात्री तो त्या मुलाची एकेक ओळ तपासत बसतो.

"मग, सोपवलंस ना त्याच्यावर?" मी विचारलं.

"मुलगा चांगलाय," भाऊ म्हणाला. "पण अजून बीटा आहे."