बशीभर उपमा

प्रत्येक समीकरणागणिक पुस्तकाचा खप निम्मा होतो, असं कुणीतरी स्टीफन हॉकिंगना सांगितलं होतं. म्हणून १९८८च्या त्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी एकच समीकरण ठेवलं, आइन्स्टाइनचं. ते मला शाळेपासून पाठ होतं. त्यामुळे अख्खं पुस्तक आपल्याला समजलं, अशी माझी समजूत झाली आणि तिथून मी बिघडलो.

पुढे कणभौतिकीवरची दहा पुस्तकं वाचली. लोकलमध्ये वाचली. घरी वाचली असती तर मुखपृष्ठ कुणाला दिसणार? अप, डाउन, चार्म, स्ट्रेंज, टॉप, बॉटम ही क्वार्कांची सहा नावं मी झोपेतही म्हणतो. मात्र त्यांचं पुढे करायचं काय, ते विचारू नये. म्युऑन नावाचा कण कशासाठी आहे, हेही विचारू नये. १९३६ साली तो सापडला, त्यावर खुद्द राबी या भौतिकशास्त्रज्ञानं ‘हा कुणी मागवला?’ असं विचारलं होतं म्हणे, भलत्या टेबलावर मसाला डोसा आल्यासारखं. राबीला नोबेल मिळालं होतं, पण या एका प्रश्नामुळे मला तो आमच्यातला वाटतो.

या पुस्तकांत गणित नसतं, उपमा असते. व्याकरणात ती उपमा, नाश्त्याला तो उपमा, पण गुण एकच. खाताना पोट भरल्यासारखं वाटतं आणि अकरा वाजता पुन्हा भूक लागते.

सगळ्यात गाजलेली उपमा १९९३ची. ब्रिटनचे विज्ञानमंत्री वॉल्डग्रेव्ह यांनी जाहीर केलं, की हिग्ज बोसॉन नावाचा कण म्हणजे काय ते मला एका पानात समजावून द्या, शँपेन देतो. डेव्हिड मिलर या भौतिकशास्त्रज्ञानं लिहिलं, की दिवाणखान्यात पक्षाचे कार्यकर्ते जमलेत आणि माजी पंतप्रधान बाई आत शिरतात. घोळका जमतो आणि त्यांना पुढे सरकणं जड जातं. हेच वस्तुमान.

आपल्याकडे याचं मंगल कार्यालयच व्हायला हवं होतं, ते मी केलं. आमचे नानामामा दारातून आत येतात. पंगत तीस पावलांवर, पण वाटेत प्रत्येकाच्या गुडघ्याची चौकशी, प्रत्येकाला ‘ओळखलंस का?’. अर्ध्या तासात चार पावलं. नानामामा जड. फोटो काढणारा पोरगा मात्र सरळ आरपार जातो, त्याच्याशी कुणाला काही देणंघेणं नाही. तो फोटॉन! आणि नानामामा आलेलेच नाहीत, पण ‘जिलबी संपत आली’ अशी नुसती कुजबुज दारातून सुटली, तर? चार डोकी जवळ येतात, फुटतात, पुढची चार जवळ येतात. माणूस कुणीच हलत नाही, पण घोळका हॉलभर सरकत जातो. हा सरकता घोळका म्हणजे हिग्ज बोसॉन. जिलबी माझी, कुजबुज मिलरचीच. ४ जुलै २०१२ला सर्न प्रयोगशाळेनं तो सापडल्याचं जाहीर केलं, त्यानंतर मी हे चार लग्नांत आणि एका मुंजीत सांगितलं. एका बारशातही सांगितलं, तिथे बाळ झोपलं.

मग अकरावं पुस्तक आलं. त्यात एका कोपऱ्यात लिहिलं होतं, की प्रोटॉनच्या वस्तुमानात हिग्जची देणगी जेमतेम एक टक्का. बाकीचं वस्तुमान क्वार्कांना आत डांबून ठेवणाऱ्या ऊर्जेचं. म्हणजे ऐंशी किलोंच्या नानामामांत हिग्जचा वाटा किलोभराच्या आतबाहेर! आणि ऊर्जा हेच वस्तुमान, हे सांगणारं समीकरण तर मला शाळेपासून पाठ होतं.

मला राग आला, तो चुकल्याचा नव्हे. दहा उपमा एकीकडे आणि अकरावी दुसरीकडे, यांतली खरी कुठली हे तपासायचं साधनच माझ्याकडे नव्हतं. मलपृष्ठावर अभिमानानं छापलेलं असतं, की घाबरू नका, आत गणित नाही. ‘कांदा-लसूण नाही’च्या चालीवर. हा आवाज मी नववीत ऐकला होता. फळ्यापाशी अडकलो होतो, सरांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “तुझं डोकं भाषेचं आहे रे, कशाला याच्या वाटेला जातोस?” रागावले असते तर बरं झालं असतं, ईर्ष्येनं बसलो असतो. माया केली त्यांनी. मी तो आशीर्वाद समजून चाळीस वर्षं जपला.

पुतणी बारावीला आहे. तिला म्हटलं, डेरिव्हेटिव्ह शिकव.

“काका, साइन-कॉस येतं?”

“ऐकून आहे.”

तिनं सुस्कारा टाकला आणि दहावीचं पुस्तक आणून दिलं. दर रविवारी ती पाच उदाहरणं देते आणि पुढच्या रविवारी त्यांतल्या तिनांवर फुली मारते. लोकलमध्ये हल्ली तेच वाचतो, खाकी कव्हर घालून. परवा शेजारच्यानं आतले त्रिकोण पाहिले आणि विचारलं, “मुलाचं का?”

मी म्हटलं, “हो.”