दुसऱ्याची झोप मोजून विकणाऱ्या दुकानदारास

प्रति,
‘कोण किती वाजेपर्यंत ऑनलाइन होतं’ ही माहिती महिन्याच्या वर्गणीवर विकणारे ॲपमालक यांस,

नमस्कार घालावा असं तुमचं काम नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

नंबर टाकला की समोरच्याच्या फोनला हात न लावता त्याची व्हॉट्सॲपवरची हजेरी मिळते आणि त्याला पत्ताही लागत नाही, हे तुम्ही गुण म्हणून सांगता. खिसेकापूही आपल्या हातोटीबद्दल हेच दोन गुण सांगेल.

वर ‘पालकांसाठी’ अशी पाटी! ती का, तेही ठाऊक आहे. परवानगीशिवाय दुसऱ्यावर पाळत ठेवण्याच्या साधनांच्या जाहिराती गूगलने ऑगस्ट २०२० पासून बंद केल्या. सूट मिळालेल्यांत अल्पवयीन मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या पालकांसाठीची साधनं होती. त्या फटीतून तुम्ही आत शिरलात. आता सांगा, दोन नंबर शेजारी ठेवून दोघं एकाच वेळी ऑनलाइन होते का, हे दाखवणारा तक्ता कुठल्या आईला लागतो? तो लागतो संशयी नवऱ्याला, नकार न पचलेल्या मुलाला.

आणि तुम्ही त्याला विकता तरी काय? ‘ऑनलाइन’ म्हणजे ॲप उघडं आहे आणि इंटरनेट चालू आहे, एवढंच. पहाटे तीनला, जिच्यावर पाळत आहे ती बाई बाळाला पाजत असेल, दवाखान्यात वडिलांच्या उशाशी बसली असेल, न्यू जर्सीतल्या भावाशी बोलत असेल. तुमच्या तक्त्यात फक्त तीन वाजल्याची रेघ उमटते. कारण मात्र संशय घेणारा स्वतःच्या मनाने भरतो आणि सकाळी जाब तिला द्यावा लागतो. रात्री दहाला लाखो माणसं व्हॉट्सॲपवर असतात. त्यातल्या कुठल्याही दोघांचं प्रकरण तुमचं यंत्र जुळवून देईल.

माहिती क्षुल्लक आहे, असंही म्हणू नका. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या संशोधकांनी १९ जणांची हजेरी, त्यांच्या संमतीने, सुमारे महिनाभर टिपली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. एकही संदेश न वाचता झोपेच्या वेळा, मोडलेला दिनक्रम, कोण कोणाशी बोलत असावं, सगळ्याचा अंदाज बांधता आला. त्या १९ जणांना विचारलं होतं. तुम्ही कोणाला विचारलंत?

तुमच्या धंद्याला कच्चा माल पुरवला तो व्हॉट्सॲपने. ‘लास्ट सीन’ लपवता येत होतं, पण ‘ऑनलाइन’ लपवण्याची सोय जाहीर व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडावा लागला. तोवर अनोळखी माणसालाही ते दिसत होतं. सोय आली तीही दार आपोआप बंद करणारी नाही. ज्याची त्याने शोधून चालू करायची. इतकी वर्षं कोट्यवधी लोकांच्या जागण्या-झोपण्याच्या वेळा उघड्यावर ठेवल्याचा दोष त्या कंपनीचाच.

हे पत्र उघड लिहिलं, कारण ते तुमच्याआधी तुमच्या सावजांनी वाचावं. वाचकहो, सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत ‘लास्ट सीन अँड ऑनलाइन’ उघडा. वरच्या प्रश्नाला ‘माय कॉन्टॅक्ट्स’ किंवा ‘नोबडी’ निवडा आणि खालच्या प्रश्नाला ‘सेम ॲज लास्ट सीन’. हे दुकानदार ज्या नंबरवरून पाळत ठेवतात तो तुमच्या फोनमध्ये साठवलेला नसतो, त्यामुळे त्याला काही दिसणार नाही. ‘नोबडी’ निवडलंत तर इतरांची वेळ तुम्हालाही दिसणं बंद होईल. होऊ द्या. आज रात्री झोपण्यापूर्वीच करा, आणि घरातल्या मुलींना, सुनांनाही करून द्या.

— एक वाचक