कुस्ती सुटल्यावर मोठे कसे व्हावे

हे मार्गदर्शन सातारा-सांगलीकडच्या अशा पैलवानासाठी आहे, ज्याने चाळिशी ओलांडली, ज्याच्या दंडाचे मांस पोटाकडे उतरले आणि ज्याला जत्रेत आता जोड मिळत नाही, नारळ मिळतो. घाबरू नका. लंगोट खुंटीला अडकवल्यावरच खरी कारकीर्द सुरू होते. लढत होता तेव्हा हाताशी चार-पाच डाव होते. आता खेळायच्या डावांना गणती नाही, आणि समोर कुणी उभाही नाही.

आधी नावाकडे बघा. फ्लेक्सवर नावाआधी ‘पै.’ हवेच. त्यासाठी मोडलेले कान असले तर उत्तम, कारण कान हे पैलवानाचे एकमेव ओळखपत्र आहे ज्याची झेरॉक्स निघत नाही. कान शाबूत राहिले असतील तर फेटा जरा खाली बांधून घ्यावा.

मग किताब. इथे बाजार तुमच्या बाजूचा आहे. 1961 मध्ये औरंगाबादला सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा राज्याला वर्षाकाठी एक केसरी पुरत असे. आता संघटनांची आपापसातच कुस्ती लागल्याने उत्पादन वाढले आहे. 2023 च्या नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाले आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षेही झाले. 2025 मध्ये फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. पोरांचा यात काही दोष नाही, ती घाम गाळून जिंकली. पण कुठला केसरी कुठल्या गटाचा, हे पंधरा वर्षांनी कुणाच्या लक्षात राहणार आहे? त्या गर्दीत हळूच जाऊन उभे राहता येईल. तेवढे धाडस नसेल तर तालुक्याचा केसरी आहे, नदीचा आहे, साखर कारखान्याचा आहे, साहेबांच्या वाढदिवसाचा आहे. गदा चांदीची आहे का, असे कुणी विचारत नाही. फोटोत सगळ्या चांदीच्याच दिसतात.

जुन्या कुस्त्या सांगणे हे मात्र कष्टाचे काम आहे आणि त्याला रोजचा मेहनत-खुराक लागतो. ज्याच्याशी लढलात त्याचे वजन दरवर्षी दोन किलोंनी वाढत गेले पाहिजे. समजा, कुंडलच्या मैदानात तुमची कुस्ती बरोबरीत सुटली होती. पाच वर्षांनी ती ‘माझ्या अंगावर आली होती’ अशी सांगायची, दहा वर्षांनी ‘पंचांनी सोडवली’ आणि पंधराव्या वर्षी ‘त्याची पाठ लागली होती, अख्ख्या मैदानानं बघितलं’. साक्षीला नेहमी वारलेला वस्ताद घ्यावा. ज्यांच्या कुस्त्या मोबाईल येण्याआधी झाल्या, त्यांचे नशीब थोर. त्यानंतरच्यांनी लिंक मागणाऱ्या पोराला ‘तू किती जोर मारतोस?’ एवढेच विचारावे.

हरलेल्या लढतीचे काय करायचे, हे क्रिकेटवाल्यांकडून शिकण्यासारखे आहे. सचिन तेंडुलकरचे शंभरावे शतक सर्वांना पाठ आहे. 16 मार्च 2012, मीरपूर, 114 धावा. तो सामना बांगलादेशने जिंकला, हे किती जणांना आठवते? (हे वाक्य लिहिल्याबद्दल माझ्याच घरात काही काळ अबोला राहील.) याउलट आमच्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे. 1943 च्या पंचरंगी स्पर्धेत त्यांच्या संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या त्यांच्या होत्या, आणि भाऊ विवेकबरोबरच्या 300 धावांच्या भागीदारीत विवेकच्या 21. सामना डावाने गेला. 1948 मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियासमोर दोन्ही डावांत शतके ठोकली, तो सामनाही गेला. एवढ्या मालावर चार गावांत चार पुतळे उभे राहिले असते. हजारे कमी बोलत. शेवटी त्यांच्या नावाची स्पर्धा सुरू करून क्रिकेट मंडळालाच ते काम करावे लागले.

पण काय करू नये, हे शिकायचे तर कराडजवळच्या गोळेश्वरला जावे. खाशाबा जाधवांनी कीर्तीच्या बाबतीत जेवढ्या चुका केल्या, तेवढ्या अख्ख्या जिल्ह्याने मिळून केल्या नसतील.

23 जुलै 1952, हेलसिंकी, 57 किलो गट, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे आले ते 1996 मध्ये, अटलांटाला लिएंडर पेसचे. मधली 44 वर्षे मैदान मोकळे होते. देशात ही गोष्ट सांगू शकणारा माणूस एकच, त्याची जोड नाही. अशी मक्तेदारी मिळालेला माणूस आयुष्यभर गाडीतून उतरला नसता.

त्यात सबबही तयार होती. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले, आणि नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. ‘सुवर्णच होते, हिसकावले’ म्हणून तीस वर्षे आरामात काढता आली असती. खाशाबांनी तेही केले नाही. परतल्यावर कराडपासून 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, इथवर ठीक होते. पण त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून 7000 रुपये दिले होते. मिरवणूक ओसरल्यावर या गृहस्थाने काय करावे? कुस्त्यांचे मैदान भरवले, पैसे उभे केले आणि घर सोडवून दिले. कीर्तीच्या हिशेबात ही घोडचूक. मोठ्या माणसाचे कर्ज चाहत्यांनी फेडायचे असते, आणि फिटले तरी फिटले म्हणून सांगायचे नसते.

पुढे 1955 मध्ये ते पोलिसात फौजदार झाले आणि वर्षानुवर्षे त्याच हुद्द्यावर राहिले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडले. 14 ऑगस्ट 1984 ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार सुरू झाला 1961 मध्ये. पहिल्याच यादीत सांगलीत जन्मलेले बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर होते, म्हणजे यादी करणाऱ्यांना कृष्णाकाठ माहीत नव्हता असे नाही. खाशाबांना तो पुरस्कार मिळाला मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. आता त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी व्यासपीठावर तुमची खुर्ची पुढच्या रांगेत आहे ना, एवढे आदल्या रात्री बघून ठेवा. प्रतिमेला हार घालताना मान फोटोग्राफरकडे असावी.

तालीम काढावी का? काढा, कोनशिलेवर नाव मोठे घाला, पण पोरांना शिकवण्याच्या भानगडीत पडू नका. 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये एकट्या सांगली जिल्ह्याच्या दोघांनी एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य आणले: शिराळ्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने. पैकी आंदळकरांनी उरलेले आयुष्य कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पोरे घडवण्यात घालवले. परिणाम असा, की पोरगे जिंकले की फोटोत तेच मधे आणि वस्ताद कडेला. मारुती मान्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला 2005 मध्ये, जकार्तानंतर 43 वर्षांनी. एवढी वाट बघायची तुमची तयारी आहे का?

नसेल तर राजकारण आहे, पण त्या मातीचा पोत वेगळा. दोन वेळचे महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील 2024 मध्ये सांगलीतून लोकसभेला उभे राहिले. जिंकले वसंतदादांचे नातू विशाल पाटील, चंद्रहार तिसरे आले आणि अनामतही गेली. गदा मतपेटीत बसत नाही, हे जिल्ह्याने दाखवून दिले. 2009 च्या हरलेल्या कुस्तीत पंचांनी अन्याय केला, म्हणून दोन्ही गदा परत करतो असे त्यांनी 2025 मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी शिवसेनाही बदलली. अन्याय झाला की नाही, हा वाद तालमीच्या कट्ट्यावर चालू दे. आपण फक्त वेळ साधण्याचे कौशल्य बघायचे. जुनी कुस्ती पुन्हा उकरायला मुदतीची अट नाही.

राहता राहिले पद्म. हे सर्वांत सोपे आहे आणि आपल्याकडच्या मल्लांना नेमके हेच ठाऊक नसते. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, कुणीही कुणाचेही नाव सुचवू शकतो आणि स्वतःचे नाव स्वतः सुचवायलाही परवानगी आहे. कर्तृत्व जास्तीत जास्त 800 शब्दांत मांडायचे. खाशाबांचे नाव 2025 पर्यंतच्या एकाही पद्म यादीत आलेले नाही, आणि हा पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत, असे नियमच सांगतो. तेव्हा पैलवान, उशीर करू नका. हयात आहात तोवर 800 शब्द लिहून घ्या, आणि जागा उरली तर खाली एक नाव गोळेश्वरचेही सुचवा.