पोर्ट बसवताना सोबत जाणाऱ्यांसाठी प्राथमिक धडे

हे धडे पेशंटसाठी नाहीत. पेशंट दोन केमोत तयार होतो. नवशिका राहतो तो सोबत जाणारा.

पांढुर्णा 2023 साली जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, तरी केमोसाठी बहुतेकांची वाट नागपूरचीच. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. पिशवीत आधी फाइल आणि आयुष्मान कार्ड, मग डबा. आपल्याकडे हा क्रम हमखास उलटा होतो.

डॉक्टर ‘पोर्ट’ म्हणाले की “हार्टात मशीन टाकता का जी?” असं विचारू नये. मशीन नसतं. टायटॅनियमची किंवा प्लास्टिकची छोटी डबी, वर सिलिकॉनचा पडदा, खाली मऊ नळी. डबी छातीच्या कातडीखाली राहते, नळीचं टोक हृदयाच्या दारापाशी. हाताच्या बारीक शिरा केमोच्या औषधानं जळतात. हृदयापाशी रक्ताचा लोंढा मोठा, म्हणून औषध पडताक्षणी पातळ होतं.

आता मुख्य धडा. शिरेत शिरायची दोन घराणी आहेत. सर्जन खांद्यापुढच्या खाचेत चीर देतो, तिथली शीर शोधतो, डोळ्यांदेखत उघडून नळी सारतो. यात फुप्फुसाला सुई लागायची भीती जवळपास नाही. पण कधीकधी शीरच इतकी बारीक निघते की नळी जात नाही. दुसरं घराणं चिरत नाही, टोचतं. सोनोग्राफीवर बघत मानेच्या उजव्या शिरेत सुई, सुईतून तार, सुई बाहेर, मग तारेवरून पुढचं सगळं. ही तारेची युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांची, 1953 सालची. पुढे नळी कातडीखालून बोगद्यानं डबीपर्यंत आणतात आणि टोक जागेवर आहे का ते एक्स-रेवर बघतात. पेशंट पुष्कळदा जागाच असतो आणि आत डॉक्टरांशी संत्र्याच्या भावावर बोलतो. बाहेर घाम तुम्हाला फुटतो. कोणती पद्धत बरी, हे ठरवायला साडभावाला फोन लावू नये.

गावी आल्यावर कंपाउंडरच्या हाती पोर्ट देऊ नये. पोर्टला ह्यूबर सुईच लागते. साध्या सुईनं पडद्याचा तुकडा निघतो. सिरिंज 10 मिलीची किंवा मोठी. लहान सिरिंज गरीब दिसते, पण दाब तिचाच जास्त; नळी फुटू शकते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन काठांची दगडफेक. पेशंट सावरगावचा असो की पांढुर्ण्याचा, घरी बसवावा. “दुरूनच पायतो ना बाप्पा,” म्हणेल. त्या दिवशी दूर म्हणजे किती, हे दगड ठरवतो.

खरी परीक्षा केमो संपल्यावर. वापर नसला तरी चार-सहा आठवड्यांनी, किंवा डॉक्टर सांगतील त्या अंतरानं, पोर्ट धुवावा लागतो. नाहीतर आत रक्त गोठून नळी बंद. नेमकी तेव्हाच आंबिया बहराच्या संत्र्यांची तोडणी येते आणि पेशंट म्हणतो, “बरा तं आहो, काऊन जायचं?” त्याच्याशी वाद घालू नये. तिकीट काढावं.

आणि पोर्ट धुतल्यावर थंडी वाजून ताप भरला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीच निघावं. जामसावळीच्या मारुतीला हात जोडायचे ते चालत्या गाडीतून.