थांबा क्रमांक सात

रविवारी सकाळी पावणेआठ वाजता मी अर्ध्या तोंडाला साबण लावून ओसरीवर उभा असतो, तेव्हा आमच्या वाड्याच्या दिंडीतून पंचवीस माणसं एकेक करून वाकून आत येतात. दिंडी ठेंगणी आहे, त्यामुळे वाकावंच लागतं; पण पहिले एकदोन रविवार मला वाटलं, हा नमस्कार आहे. मग सगळ्यांत पुढची मुलगी (गालाला माइक, पायात पळायचे बूट) माझ्याकडे हात करून म्हणाली, "आणि हे इथले काका. तिसरी पिढी. म्हणजे बघा, आपला वारसा अजून जिवंत आहे!" पंचवीस मोबाइल वर गेले. मी टॉवेल सावरला.

ही मंडळी माणशी 400 रुपये भरून येतात. मी त्याच वाड्यात दोन खोल्यांत महिना 27 रुपये भाड्यानं राहतो, आणि तेही मालक घेत नाही म्हणून कोर्टात भरतो. म्हणजे माझं घर दहा मिनिटं बघायला त्यांना जेवढे पडतात, तेवढ्यात मी जवळजवळ सव्वा वर्ष त्यात राहतो. हा हिशेब मी मालकाला अजून सांगितलेला नाही. पेठही सांगत नाही. तो हे सदर वाचतो.

आमचा वाडा हेरिटेज वॉकच्या यादीत कसा गेला, हे पुष्कळांना कोडं आहे. आमच्याकडे कुणी पेशवा उतरला नव्हता, कुणी क्रांतिकारक लपला नव्हता. एक नामांकित कीर्तनकार जेवायला आले होते म्हणतात, पण ते सगळीकडेच जेवत. खरं कारण असं, की शनिवारवाड्यापासून निघालेल्या माणसाला मंडईपर्यंत जायची सोय कुठेच नाही, आणि आमच्या मागच्या चौकात, आडाच्या पलीकडे, दोन संडास आहेत. इतिहासात आमचा प्रवेश त्या दारातून झाला. नकाशावर मात्र 'थांबा क्रमांक 7 : पेशवेकालीन निवासी वास्तुशैली' असं छापलंय.

आता रोज कोणी ना कोणी येतं, म्हणून मी दाराशी तीन पाट्या लावल्या. पहिली : 'वारसा बघून झाल्यावर दार ओढून घ्यावे.' दुसरी : 'आतील माणसे खरी आहेत. फोटो विचारून काढावा.' तिसरी : 'येथे भुयार नाही.' झालं भलतंच. लोक पाट्यांचेच फोटो काढू लागले, आणि तिसरी वाचून एकमेकांना सांगू लागले, "म्हणजे आहे!"

भुयाराचं काय करावं ते मला खरंच कळत नाही. पुण्यातल्या प्रत्येक वाड्यातून एक भुयार निघतं आणि ते पर्वतीला जातं. एवढी भुयारं असती तर मेट्रोवाल्यांना शिवाजीनगर ते स्वारगेट खणायला काही उरलंच नसतं, नुसते रूळ टाकून ते मोकळे झाले असते.

एका रविवारी मी शेवटी ठरवलं, आपण जे दाखवले जातो ते नक्की कोणत्या पंगतीत, हे बघून यावं. अंघोळ केली, 400 रुपये भरले आणि त्यांच्याबरोबर निघालो. सौ. म्हणाली, "स्वतःच्या घरी तिकीट काढून येणारा तुम्ही पहिलेच."

सुरुवात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर. मुलगी हुशार आहे, हे कबूल करायला हवं. पायाभरणी 10 जानेवारी 1730, वास्तुशांत 22 जानेवारी 1732, खर्च 16,110 रुपये; लाकूड जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीकडचा. 16,110 ऐकून एक गृहस्थ हळूच म्हणाले, "एवढं तर आमच्याकडे पार्किंगचं स्क्वेअर फुटाला घेतात." हत्तीनं धडक देऊ नये म्हणून दरवाजाला बसवलेले अणकुचीदार खिळे सगळ्यांनी बोट लावून पाहिले. आत गेल्यावर मात्र वाडा नाही. तो फेब्रुवारी 1828 च्या आगीत गेला. उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. जोत्यांच्या मधून हिरवळ, हिरवळीवर जोडपी. मुलीनं हवेत हात फिरवून दिवाणखाना उभा केला, गणेश महाल उभा केला आणि आम्ही सगळे रिकाम्या आभाळाकडे बघून "वा!" म्हणालो.

मग अर्थातच नारायणराव. 30 ऑगस्ट 1773, गारदी, "काका, मला वाचवा". इथे आवाज खाली आला, पोरं आयांना चिकटली. अमावास्येला ती किंकाळी अजून ऐकू येते का, यावर दहा मिनिटं गेली. हजारी कारंजाला दीड मिनिट. राज्य कसं चाले, पैसा कुठून येई, कारकुनाला पगार किती, याला शून्य मिनिटं. खून नसता तर शनिवारवाड्याला तिकीट लावता आलं असतं की नाही, कुणास ठाऊक. आमच्या वाड्यात एक तरी खून व्हायला हवा होता असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं. मालकाला तसं पुष्कळदा वाटत असणार.

पुढचा थांबा लालमहाल. 1663 साली शिवाजी महाराजांनी शाइस्तेखानाची बोटं छाटली ती जागा, असं सांगून झाल्यावर एका चिमुरड्यानं विचारलं, "कोणत्या खिडकीतून?" मुलगी गडबडली. कारण समोरची इमारत महापालिकेनं 1980 च्या दशकात बांधली. मूळ महाल कधीच गेला. ती खिडकी आहे ती त्या मुलाच्या वडिलांच्या वयाची. पुढे बुधवारवाडा : 1879 साली जळाला. भिडेवाडा : 1848 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी इथे मुलींची शाळा सुरू केली; वर्षानुवर्षं कज्जा चालला आणि डिसेंबर 2023 मध्ये वाडा एका रात्रीत पाडून झाला, स्मारक व्हायचं म्हणून. नदीकाठचे वाडे 12 जुलै 1961 ला पानशेतच्या पाण्याबरोबर गेलेले, त्यांचा नुसता उल्लेख.

चालता चालता माझ्या लक्षात आलं, ही पोरगी सबंध सकाळ एकच क्रियापद वापरतेय. होता, होती, होतं. इथे होता, तिथे होती, या दुकानाच्या जागी होतं. पुणे तिथे काय उणे, असं आपण विचारतो, त्याचं उत्तर बाईनं अडीच तासांत थांब्याथांब्याला दिलं. उभी असलेली वस्तू दिसली की ती जरा अवघडायची. विश्रामबागवाड्याचं सुरूच्या खांबांचं आणि केळफुलांच्या कोरीव कामाचं सागवानी तोंड समोर धडधडीत उभं. दुसऱ्या बाजीरावानं हौसेनं बांधलेला वाडा, पुढे संस्कृत पाठशाळा, पुढे नगरपालिका, खाली पोस्ट. पण त्यात कुणी मेलं नाही. दोन फोटो, चला पुढे.

मंडईत मात्र मी बोललो. राहवलं नाही. मुलगी अष्टकोनी मनोऱ्याचं वर्णन करत होती : 1886, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं 'रे मार्केट', आता महात्मा फुले मंडई. मी म्हटलं, "ताई, पुढचंही सांगा. मंडईवर एवढा पैसा घालू नका, तो शिक्षणाला लावा, म्हणून नगरपालिकेत विरोध करणाऱ्यांत फुले होते. आणि आपण पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव दिलं." सगळे हसले. एका बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही पण गाइड आहात?" मी म्हटलं, "नाही, मी थांबा क्रमांक सात." त्यांना तो विनोद वाटला.

सहलीची सांगता मिसळीनं झाली. अभिप्रायाच्या कागदावर 'सर्वांत काय आवडलं?' याच्यापुढे माझ्या शेजारच्यानं 'तर्री' लिहिलं.

मोठ्यांचं हे असं, पण मुलांवर संस्कार व्हायला हवेत, म्हणून 19 ते 25 नोव्हेंबर या वारसा सप्ताहात शाळा येतात. गेल्या नोव्हेंबरात एका शाळेची साठ मुलं आमच्या चौकात चाळीस मिनिटांसाठी आली. आदल्या संध्याकाळी दोन कार्यकर्ते 'वारसा जपा, शहर जपा' असा फलक घेऊन आले. त्यावर वारशाचं चित्र बोटभर आणि नऊ जणांचे फोटो हातभर. फलक लावायचा कुठे? त्यांनी ओसरीच्या कोरीव सागवानी खांबात चार इंची खिळा ठोकला. मी ओरडलो तर म्हणाले, "काका, दोन दिवसांनी काढतो." फलक पडला, खिळा आहे. आता त्याला मी छत्री अडकवतो.

सकाळी मुलांनी हात पुढे करून वारसा जपण्याची शपथ घेतली. प्रत्येकाच्या छातीवर 'वारसादूत' असा प्लास्टिकचा बिल्ला लागला. मग कागद वाटले : 'वाडा म्हणजे काय? दोन ओळींत लिहा.' 'गाळलेल्या जागा भरा.' गाळलेल्या जागा मी वर पाहिल्या, माडीच्या कडीपाटात तीन आहेत. पावसाळ्यात खाली पातेली लावतो. पण प्रश्न त्या जागांचा नव्हता. मुलं ओसरी, देवडी, माजघर हे शब्द फळ्यावरून उतरवून घेत होती. ज्या दगडी उखळापाशी त्यांनी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या, त्याचं नाव कागदात नव्हतं.

एक मुलगी तेवढी मागे राहिली. दोन वेण्या, बिल्ला उलटा लागलेला. तिनं विचारलं, "काका, या फरशीला कडी का आहे?"

मला चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी माझी स्कूटर बाजूला घेतली, मग वरच्या काकूंच्या मुलाची, मग त्या फरशीखाली पहार घालून ती वीतभर उचलली. आतून गार, ओला, जुन्या माठासारखा वास आला. हौद. मोबाइलच्या उजेडात चार पायऱ्या दिसल्या, आणि त्यांच्या समोर, तांब्याच्या तोंडाएवढं एक भोक. मी तिला सांगितलं : तिथून पाणी यायचं. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजला तलाव बांधला, आणि तिथून विटादगडांचा नळ जमिनीखालून थेट शहरात आणला. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. मध्येमध्ये उच्छ्वास ठेवलेले, म्हणजे नळाला श्वास घ्यायला आणि माणसाला आत उतरून गाळ काढायला जागा. गावातले हौद त्या पाण्यावर भरत, शनिवारवाड्यातली कारंजी त्याच पाण्यावर उडत.

"म्हणजे हे भुयार आहे," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. तिसरी पाटी मी त्याच दिवशी काढली.

ती पोटावर झोपली आणि त्या भोकाकडे तोंड करून स्वतःचं नाव ओरडली. ते आत जरा हिंडून परत आलं. एवढ्यात बाई दिंडीतून हाका मारू लागल्या, "चल गं, तिथे नाही काही! ते कागदात नाहीये!" ती कपडे झटकत उठली. जाताना ओट्यावर कागद टेकवून तिनं पहिलं उत्तर लिहिलं, ते मी वाकून वाचलं : 'वाडा म्हणजे खाली हौद आणि वर स्कूटर असलेले घर.' गुण किती मिळाले, माहीत नाही.

आता बातमी. मालकाचं आणि बिल्डरचं जमलं. आमचंही जमवण्यात आलं. सव्वातीनशे चौरस फूट, लिफ्ट, चोवीस तास पाणी (उतारावरचं नव्हे, टँकरचं). बिल्डरनं काढलेल्या रंगीत पुस्तिकेत वाड्याच्या दरवाजाचं चित्र आहे, तो दरवाजा खाली लॉबीत लावणार, सिक्युरिटीच्या टेबलामागे. जिमला 'तालीम' म्हणणार. हौदात लिफ्टचा खड्डा येतोय, म्हणजे खणायचा तेवढा खर्च वाचला, असं बिल्डरचा इंजिनिअर आनंदानं म्हणाला. एवढ्या वर्षांत त्या हौदाचं कौतुक करणारा तो दुसराच.

वॉकवाल्या मुलीच्या कानावर गेल्यावर ती त्या रविवारी एकटीच धावत आली. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही. ओसरीवर बसली, चहा घेतला, खांबावरून हात फिरवला, खिळ्याला हात लागल्यावर "अरेरे" म्हणाली. मग हळूहळू तिचा चेहरा उजळला.

"काका, थांबा बंद नाही करायचा. उलट आता जास्त भिडेल लोकांना. आम्ही जुने फोटो टॅबवर दाखवू. पत्र्याबाहेर उभं राहून तुम्ही फक्त सांगायचं, इथे ओसरी होती, इथे आड होता, मी इथे दाढी करायचो. याल ना रविवारी?"

मी येईन म्हटलं. होता-होती मला आता जमेल. फक्त एक शंका विचारली, की मागच्या चौकातले ते दोन संडासही पाडणार आहेत, त्याचं काय?

तिनं कप खाली ठेवला. बराच वेळ नकाशा बघितला.

"मग काका," ती म्हणाली, "थांबा सात दुसरीकडे न्यावा लागेल."